४८६ आणि ३३.६ मोडेम: फाइल पाठवताना सीआरसी एरर, मग नो कॅरिअर

पेठेतला_मुद्रक

नमस्कार मंडळी. कॉलेजच्या प्रदर्शनात नव्वदच्या दशकातली दोन मशीन साध्या फोन लाइनवरून जोडून फाइल पाठवून दाखवायची आहे. पेन ड्राइव्ह, सीएफ कार्ड, नेटवर्क कार्ड सुचवू नये ही विनंती. मोडेमवरूनच व्हायला हवं.

पुण्याच्या नारायण पेठेतलं मशीन ४८६डीएक्स२-६६, १६ एमबी रॅम, डॉस ६.२२, टेलिक्स हा मोडेमवरून बोलायचा प्रोग्राम. कॉम१ वर माउस, कॉम२ वर बाहेरचा यूएस रोबोटिक्स स्पोर्टस्टर ३३.६, पोर्टचा वेग ५७६००. निगडीतलं मशीन पेंटियम २००, विंडोज ९८, हायपरटर्मिनल, रॉकवेल चिपचा बाहेरचा ३३.६ मोडेम. दोन्हीकडे लँडलाइन. इनिशियलायझेशन स्ट्रिंग (मोडेमला सुरुवातीला द्यायची कमांड) दोन्हीकडे तीच: एटी&एफ&सी१&डी२&के३. फाइल पाठवायचा प्रोटोकॉल झेडमोडेम, फाइल १.२ एमबीची झिप.

लक्षणं अशी. कनेक्ट २६४०० ला होतं. टाइप करून गप्पा मारल्या तर एक अक्षर चुकत नाही. पेठेतून निगडीला फाइल पाठवली की पहिले काही केबी भराभर जातात, मग सीआरसी एररची (आलेला ब्लॉक तपासणीत चुकीचा निघाल्याची) रांग लागते आणि वेग सेकंदाला ९०० बाइटवर येतो. निगडीहून पेठेत घेताना एरर कमी, पण हार्डडिस्कचा दिवा लागला की हमखास एक येते. याशिवाय, फाइल कुठल्याही दिशेने जात असो, काही मिनिटांनी सगळं थिजतं, मोडेमवरचा सीडीचा (पलीकडचा सूर, म्हणजे कॅरिअर, ऐकू येत असल्याचा) दिवा जातो आणि नो कॅरिअर. २४०० ला जोडलं तर मात्र कितीही वेळ तुटत नाही.

लाइन खराब म्हणायची तर गप्पा इतक्या स्वच्छ कशा? आणि मोडेम खराब म्हणायचा तर २४०० ला कसा चालतो?

---

सिरियल_पोर्ट

लक्षणं नीट लिहिलीत, निम्मं काम झालं. तुमच्याकडे एक नाही, तीन बिघाड आहेत आणि तिघांनाही आपण "कनेक्शन तुटतं" म्हणतो. ते आधी वेगळे करा.

जोडणी झाल्यावर स्क्रीनवर कनेक्ट २६४००/एआरक्यू/व्ही३४/एलएपीएम/व्ही४२बिस असं काहीसं येत असेल. त्यातलं एआरक्यू महत्त्वाचं. याचा अर्थ मोडेम ते मोडेम हा टप्पा व्ही.४२ च्या चूक-दुरुस्तीखाली आहे. लाइनवर खरखर झाली तर मोडेम तो ब्लॉक आपसात परत मागून घेतात, तुमच्या प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. वेग कमी होईल, पण चुकीचा बाइट पुढे येणार नाही. तरीही झेडमोडेम सीआरसी एरर दाखवत असेल, तर बाइट हरवताहेत ते लाइनवर नव्हे, मोडेम आणि संगणक यांच्यामधल्या दीड मीटर केबलच्या टप्प्यात. तिथे व्ही.४२ चं संरक्षण नाही. सीआरसी एररसाठी लाइनमनला बोलावू नका, तो येईल, टोन ऐकेल आणि "ओके आहे" म्हणून जाईल. त्याचं म्हणणं बरोबरही असेल.

आता पाठवतानाचा बिघाड. पहिले काही केबी सुरळीत आणि मग एरर, ही फ्लो कंट्रोल (बफर भरला की समोरच्याला थांबवण्याची सोय) नसल्याची अगदी ठरलेली खूण. ५७६०० ला संगणक मोडेममध्ये सेकंदाला ५७६० बाइट ओततो, लाइनवरून जातात जेमतेम ३०००. उरलेले मोडेमच्या बफरमध्ये साठतात. बफर भरला की मोडेमने सीटीएस ही तार खाली करून "थांब" म्हणायचं असतं. तो म्हणत नाही, कारण तुम्ही त्याला सांगितलेलंच नाही.

गडबड त्या स्ट्रिंगमध्ये आहे. ती रॉकवेलची आहे. रॉकवेलमध्ये &के३ म्हणजे आरटीएस/सीटीएस तारांवरचं हार्डवेअर फ्लो कंट्रोल. यूएस रोबोटिक्समध्ये &के चा संबंध कॉम्प्रेशनशी आहे, &के३ म्हणजे एमएनपी५ ही दाबण्याची पद्धत बंद. शिवाय नुसतं &एफ दिलं की स्पोर्टस्टर ते &एफ० समजतो, आणि त्या साच्यात फ्लो कंट्रोल पूर्ण बंद असतं. मोडेम ओके म्हणतो, कारण कमांड चुकीची नाही, फक्त तिचा अर्थ वेगळा आहे.

पेठेतल्या मोडेमला हे द्या (टाइप अर्थातच रोमनमध्ये): एटी&एफ१. हा हार्डवेअर फ्लो कंट्रोलचा साचा. मग एटीआय४ देऊन सेटिंग वाचा. &एच१, &आर२, &आय० आणि &बी१ दिसायला हवेत. दिसले की एटी&डब्ल्यू करून साठवा. टेलिक्समध्ये ऑल्ट-ओ ने कॉन्फिगरेशन उघडून सीटीएस/आरटीएस चालू आणि एक्सऑन/एक्सऑफ बंद. टेलिक्सच्या इनिट स्ट्रिंगमधलं जुनं &एफ&के३ काढायला विसरू नका, नाहीतर प्रोग्राम सुरू होताच साठवलेलं सगळं पुसलं जाईल. निगडीच्या रॉकवेलला हात लावू नका, तिथे ती स्ट्रिंग बरोबर आहे.

एक्सऑन/एक्सऑफवर भागवू नका. त्यात १७ आणि १९ हे दोन बाइट "चालू" आणि "थांब" या खुणांसाठी राखून ठेवलेले असतात आणि झिप फाइलमध्ये ते जागोजागी निघतात. झेडमोडेम त्यांना वेष बदलून पाठवतो म्हणून तरतो, पण एक्समोडेम-वायमोडेम जागच्या जागी अडकतात.

एवढं करूनही पाठवताना एरर आल्या तर केबल. दुकानात "सिरियल केबल" म्हणून मिळणाऱ्या काही केबलींत आत फक्त तीन तारा असतात: पाठवायची, घ्यायची आणि ग्राउंड. त्यात सीटीएस पोचतच नाही. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून ९ पिनांच्या बाजूकडून २५ पिनांच्या बाजूकडे तपासा: १ ते ८, २ ते ३, ३ ते २, ४ ते २०, ५ ते ७, ६ ते ६, ७ ते ४, ८ ते ५, ९ ते २२. शेवटची रिंगची आहे, ती नसली तरी तुमचं काम अडणार नाही. ७-४ आणि ८-५ या दोन मात्र हव्याच. आणि नल मोडेम केबल (दोन संगणक थेट जोडायची) चुकून लावू नका, तिच्यात जोड्या उलटसुलट असतात.

घेतानाचा बिघाड वेगळा आहे. डॉसमध्ये जाऊन एमएसडी (डॉससोबतचा मशीन तपासायचा प्रोग्राम) चालवा आणि कॉम२ ची यूएआरटी (सिरियल पोर्ट चालवणारी) चिप कोणती दाखवतो ते इथे लिहा. विंडोजच्या खिडकीतून चालवू नका, तिथे विंडोज मध्ये पडतं आणि उत्तर भरवशाचं नसतं.

---

रोझेट

नो कॅरिअरबद्दल मी लिहितो. मोडेम का तुटला हे मोडेमलाच विचारा. तुटल्यावर लगेच, दुसरी कुठलीही कमांड न देता, पेठेतल्या स्पोर्टस्टरला एटीआय६. पुरता हिशेब येतो: किती ब्लॉक परत पाठवले, रिट्रेन (लाइनशी नव्याने जुळवून घेणं) किती मागितले, किती दिले, कॉल किती वेळ चालला, आणि खाली तुटण्याचं कारण.

कारण "डीटीआर ड्रॉप्ड" असेल, म्हणजे "संगणक तयार आहे" सांगणारी डीटीआर तार पडली असेल, तर लाइन निर्दोष आहे. फोन तुमच्याच संगणकाने ठेवला. बाहेरचा प्रोटोकॉल प्रोग्राम वापरत असाल, समजा डीएसझेड, तर तो सुरू होताना किंवा संपताना पोर्ट नव्याने मांडतो, डीटीआर क्षणभर पडतो आणि &डी२ असल्याने मोडेम आज्ञाधारकपणे कॉल तोडतो. खूण अशी की तुटणं नेमकं फाइलच्या सुरुवातीला किंवा शेवटी होतं, मध्ये कधीच नाही. चाचणीपुरतं &डी० करून बघा. स्पोर्टस्टरच्या मागच्या डिप स्विचपैकी पहिला खाली असेल तर तो मुळात डीटीआरकडे बघतच नाही, हेही लक्षात असू द्या.

"रिट्रान्समिट लिमिट" म्हणजे तोच ब्लॉक बारा वेळा पाठवूनही पोचला नाही. "डिस्क" किंवा "एलडी रिसीव्ह्ड" म्हणजे पलीकडच्या मोडेमने रीतसर निरोप घेतला. मग निगडीत बघा. विंडोज ९८ मध्ये मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये "इतकी मिनिटं काही हललं नाही तर कॉल तोडा" असा चौकोन असतो, तो रिकामा ठेवा. आणि "लॉस ऑफ कॅरिअर" असेल तर पलीकडचा आवाज ऐकू येईना म्हणून मोडेमच्या एस१० या रजिस्टरमध्ये (सेटिंगच्या खणात) लिहिलेला वेळ थांबून मोडेमने सोडून दिलं. एस१० हा सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात. हेज कंपनीच्या परंपरेत तो १४ असतो, म्हणजे १.४ सेकंद. स्पोर्टस्टरमध्ये ७, म्हणजे एक सेकंदही नाही.

लाइन तपासायची तर ती घरात शिरते त्या पहिल्या रोझेटपासून (भिंतीवरचा फोनचा डबा). पॅरलल फोन, कॉलर आयडीचा डबा, सर्ज प्रोटेक्टर सगळं काढा. मोडेम थेट रोझेटला, छोट्या वायरीने. वाड्यांमध्ये फोनची वायर मीटरच्या वायरीला चिकटून तीन मजले चढलेली असते, तिथे ५० हर्ट्झची गुणगुण शिरते. साधा फोन लावून एक आकडा दाबा म्हणजे टोन थांबेल, आणि त्या शांततेत कान द्या. सळसळ, टकटक, दुसऱ्याचं बोलणं ऐकू येत असेल तर सांधा गेलाय. तांब्याच्या लाइनवर फोन खाली असताना ४८ व्होल्ट डीसीच्या आसपास आणि उचलल्यावर साधारण ६ ते १२ मिळायला हवेत. खाली असताना ४० च्याही आत असतील तर कुठेतरी गळती आहे. पावसाळ्यात ती बहुधा डीपी बॉक्समध्ये (जिथून घरोघरी तारा जातात) किंवा बाहेरच्या ड्रॉप वायरच्या जोडात निघते, हिरवी पडलेली तांब्याची तार दिसतेच. मीटर लावताना उघड्या तारांना बोट लावू नका, रिंग आली की ७५ व्होल्टच्या घरात एसी येतो.

त्याच जोडीवर ब्रॉडबँड असेल तर मोडेमच्या आधी फिल्टर हवा. कॉल वेटिंग दोन्ही नंबरांवरून बंद करून घ्या. दुसरा कॉल आला की मध्ये वाजणारा बीप ०.७ सेकंदाच्या एस१० ला कॅरिअर गेल्यासारखाच वाटतो.

आणि एक प्रश्न. "दोन्हीकडे लँडलाइन" लिहिलंय. दोन्हीकडे तांबंच आहे का?

---

पेठेतला_मुद्रक

दोघांचेही आभार. सांगितलं तसं केलं. एटी&एफ१ आणि टेलिक्समधलं सेटिंग बदलल्यावर पेठेतून पाठवताना सीआरसी एरर पूर्ण थांबल्या, वेग सेकंदाला २९०० च्या वर टिकतो. केबल तपासली, सगळ्या जोड्या बरोबर.

घेतानाच्या एरर आहेत तशाच. एमएसडी कॉम२ ला ८२५० दाखवतो. कार्डवर दोन मोठ्या चौकोनी चिप आहेत, यूएआरटी वेगळी दिसत नाही.

नो कॅरिअर चालूच. एटीआय६: लॉस ऑफ कॅरिअर, रिट्रेन मागितले २, दिले ३, कॉल साडेसहा मिनिटं. पुढच्या कॉललाही तेच, सात मिनिटांच्या आत. पेठेतली लाइन तांब्याची, फोन खाली असताना ४९ व्होल्ट, उचलल्यावर ८, आवाज स्वच्छ. निगडीला मात्र फायबर आहे, फोन फायबरच्या डब्यामागच्या जॅकला लावलेला आहे. कॉल वेटिंग दोन्हीकडे बंद. एटीआय११ मध्ये राउंडट्रिप डिले ११० मिलिसेकंद दिसतो. हा जास्त आहे का?

---

जिटर_बफर

११० मिलिसेकंद? नारायण पेठ ते निगडी तांब्यावरून आणि डिजिटल एक्स्चेंजमधून गेलं तर इतका वेळ लागायचं काहीच कारण नाही, दोन आकडी संख्याही मोठी वाटावी. एवढा उशीर म्हणजे वाटेत तुमचा आवाज पाकिटांत भरला जातोय. निगडीचा जॅक दिसायला लँडलाइन, आतून इंटरनेटवरचा फोन.

तो डबा आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतो आणि साधारण २० मिलिसेकंदांचं, म्हणजे १६० नमुन्यांचं, एकेक पाकीट करून धाडतो. पलीकडे पाकिटं थोडी मागेपुढे येणार म्हणून ती जिटर बफरमध्ये जमवून मग वाजवतात. गोम अशी की पाठवणाऱ्याचं घड्याळ आणि वाजवणाऱ्याचं घड्याळ वेगळं. जुन्या एक्स्चेंजच्या जाळ्यात सगळी घड्याळं एका मुख्य घड्याळाला बांधलेली असत, इथे तसा भरवसा नाही. दोन्हींत दहा लाखांत ५० भागांचा फरक धरा. सेकंदाला ०.४ नमुना सरकतो. ४०० सेकंदांत १६० नमुने, म्हणजे एक आख्खं पाकीट जास्तीचं होतं किंवा कमी पडतं. मग बफर एक पाकीट टाकून देतो किंवा एक रिकामं घुसवतो. ४०० सेकंद म्हणजे सहा मिनिटं चाळीस सेकंद. तुमचे कॉल साडेसहा-सात मिनिटांना तुटताहेत. नेमका फरक ५० आहे असा दावा नाही, पण दर वेळी तितक्याच अंतराने तुटणं हे घड्याळाचं लक्षण आहे. खराब सांधा असं वेळापत्रक पाळत नाही.

माणसाच्या कानाला २० मिलिसेकंद गेलेले कळत नाहीत. व्ही.३४ ला (३३.६ मोडेमची जोडणी याच पद्धतीची) मात्र तो भूकंप असतो. तो दोन्ही दिशांना तीच पट्टी वापरतो आणि स्वतःचा परत येणारा प्रतिध्वनी वजा करून पलीकडचं ऐकतो. मधूनच वेळ सरकली की त्याचा प्रतिध्वनीचा हिशेब, टप्प्याचा अंदाज, सगळं एकदम चुकतं. मग तो रिट्रेन मागतो, त्याला काही सेकंद लागतात, तेवढ्यात ०.७ सेकंदाचा एस१० संपतो. २४०० का चालतो याचंही उत्तर यातच आहे. व्ही.२२बिसमध्ये (२४०० ची पद्धत) कॉल करणारा १२०० हर्ट्झवर बोलतो आणि उत्तर देणारा २४०० वर. प्रतिध्वनी वजा करण्याची भानगडच नाही, आणि संकेतांच्या नक्षीतले ठिपके इतके विरळ की धक्का बसला तरी तो लगेच सावरतो.

उपाय, सोप्यापासून. दोन्ही मोडेमना एस१०=५०, म्हणजे पाच सेकंद धीर. २५५ लिहिलं तर कॅरिअर गेला तरी मोडेम फोन ठेवत नाही, पण तसं करू नका. पलीकडचा खरंच गेला तर लाइन अडून राहील.

मग वेग उतरवा. निगडीच्या रॉकवेलला एटी+एमएस=१०,१,४८००,१४४००. यातला १० म्हणजे व्ही.३२बिस, १४४०० पर्यंतची पद्धत. एका बाजूने व्ही.३४ बंद केलं की दुसरी बाजू आपोआप खाली येते. पेठेतल्या स्पोर्टस्टरला &एन८ देऊनही वेग १४४०० ला बांधता येतो, पण तो व्ही.३४ मध्येच राहून १४४०० ला जोडू शकतो, म्हणून रॉकवेलकडूनच करा. व्ही.३२बिससुद्धा प्रतिध्वनी वजा करतो, त्यालाही धक्का बसेल, पण तो जास्त सोशिक आहे. १४४०० ला अजूनही तुटलं तर शेवटचा आकडा ९६०० करा.

डब्याच्या सेटिंगमध्ये शिरता आलं तर (बहुतेक कंपन्या कुलूप लावून ठेवतात, त्यांच्याकडूनच करून घ्यावं लागतं) कोडेक (आवाज आकड्यांत बदलायची पद्धत) फक्त जी.७११ ए-लॉ ठेवा. जी.७२९ वर कुठलाच वेगवान मोडेम चालणार नाही, तो माणसाच्या आवाजाचा साचा धरून बाकीचं फेकून देतो. सायलेन्स सप्रेशन (शांतता न पाठवणं) बंद. जिटर बफर "अडॅप्टिव्ह" ऐवजी "फिक्स्ड", कारण अडॅप्टिव्ह बफर स्वतःहून लांबी कमीजास्त करतो आणि प्रत्येक वेळी तोच २० मिलिसेकंदांचा धक्का देतो. टी.३८ चा पर्याय दिसला तर हुरळू नका, तो फक्त फॅक्ससाठी आहे.

कंपनीच्या ग्राहक सेवेला "मोडेम चालत नाही" सांगितलंत तर ते फायबरचा डबा रीस्टार्ट करायला सांगतील, कारण त्यांच्या लेखी मोडेम म्हणजे तोच. "फॅक्स मशीन लावायचंय, जी.७११ आणि फिक्स्ड बफर करून द्या" म्हणा. मागणी तीच, भाषा त्यांच्या ओळखीची.

---

सिरियल_पोर्ट

जिटर_बफर यांनी १४४०० वर आणलंत ते माझ्याही पथ्यावर पडलं. घेतानाच्या एररचा इलाज आता फुकटात होतो.

एमएसडी ८२५० म्हणतो, म्हणजे चिप ८२५० असो वा १६४५०, तिच्याकडे एकाच बाइटची जागा आहे. तो बाइट संगणकाने उचलायच्या आत दुसरा आला की पहिला पुसला जातो. ५७६०० ला दर १७४ मायक्रोसेकंदांनी एक बाइट येतो. त्याच वेळी हार्डडिस्कवर लिहिणं चालू असेल आणि तेवढा वेळ इंटरप्ट (पोर्टने प्रोसेसरला मारलेल्या हाका) अडवलेले असतील तर बाइट गेलाच. म्हणून दिवा लागला की एरर. इथे फ्लो कंट्रोलची मदत मर्यादित, कारण संगणकाला "थांब" म्हणायला जो वेळ लागतो तोच त्याच्याकडे नाही.

१४४०० च्या जोडणीवर झिप फाइल सेकंदाला १६५० बाइटच्या आसपास येते. झिप आधीच दाबलेली असल्याने व्ही.४२बिस या मोडेममधल्या कॉम्प्रेशनला त्यात दाबायला काही उरत नाही. मग पोर्ट ५७६०० ला कशाला हवा? १९२०० ला बांधा. सेकंदाला १९२० बाइट, पुरून उरतात, आणि दोन बाइटांमध्ये १७४ ऐवजी ५२१ मायक्रोसेकंद मिळतात, तिप्पट सवड. टेलिक्समध्ये ऑल्ट-पी ने वेग बदला, मग एटी टाइप करून ओके आलं की मोडेमने नवा वेग ओळखला. साध्या मजकुराच्या फाइली पाठवणार असाल तर मात्र १९२०० पोर्ट कॉम्प्रेशनचा फायदा खाऊन टाकेल.

जोडीला स्मार्टड्राइव्ह या डिस्क कॅशचं लिहिणं लांबणीवर टाकणं बंद करा: ऑटोएक्झेकमधल्या स्मार्टड्राइव्हच्या ओळीला /एक्स जोडा. नाहीतर तो बराच वेळ साठवून एकदम मोठा घास डिस्कवर टाकतो आणि नेमका त्या वेळी पोर्ट उपाशी राहतो. ईएमएम३८६ या मेमरी मॅनेजरशिवाय बूट करता आलं तर उत्तम, त्याच्यामुळे प्रत्येक इंटरप्टला जास्तीचा वळसा पडतो.

---

मंगळवार_१६५५०

१९२०० ची युक्ती प्रदर्शनापुरती चालेल, पण तो तोडगा आहे, दुरुस्ती नव्हे. जुन्या बाजारात (रविवार आणि बुधवार, लवकर जा) मल्टी आय/ओ आयसा कार्डं (४८६ मध्ये बसणारी पोर्टांची कार्डं) अजून ढिगाने पडलेली असतात. ज्याच्यावर १६५५०ए चिप किंवा ती सामावणारी सुपर आय/ओ चिप असेल ते उचला. तिच्यात १६ बाइटची रांग असते. इंटरप्ट ८ बाइटला लावला तरी मागे ८ बाइटची जागा उरते, ५७६०० ला म्हणजे जवळजवळ १.४ मिलिसेकंद. नुसता १६५५०, पुढे ए नसलेला, घेऊ नका, त्याच्या रांगेत दोष होता. ४० पायांची १६४५० चिप सॉकेटमध्ये बसवलेलं कार्ड मिळालं तर सरळ १६५५०ए त्याच सॉकेटमध्ये बसते, पाय जुळतात.

नवं कार्ड कॉम३ वर घालायचा मोह टाळा. कॉम३ आणि कॉम१ दोघांचा इंटरप्ट ४, आणि तुमचा माउस कॉम१ वर आहे. माउस हलवला की मोडेम थिजेल आणि तुम्ही परत इथे याल. जुन्या कार्डावरचा कॉम२ जंपरने बंद करा आणि नवा तिथेच ठेवा: पत्ता २एफ८, इंटरप्ट ३.

चिप बसवून भागत नाही, ती रांग कोणीतरी चालू करावी लागते. डॉसमध्ये एक्स००सारखा फॉसिल ड्रायव्हर (सिरियल पोर्ट सांभाळणारा) किंवा रांग ओळखणारा प्रोग्राम हवा. विंडोज ३.१ च्या वाटेला गेलात तर सिस्टिम.आयएनआयमध्ये ३८६एन्ह या भागात कॉम२फिफो=१. निगडीच्या विंडोज ९८ मध्ये पोर्ट सेटिंगच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये "फिफो वापरा" वर खूण आहे ना, तेवढं पाहून घ्या.

---

पेठेतला_मुद्रक

एस१०=५०, व्ही.३२बिस, पोर्ट १९२००, स्मार्टड्राइव्हला /एक्स. फाइल दोन्ही दिशांनी एकही सीआरसी एरर न येता गेली, १.२ एमबीला साडेबारा मिनिटांच्या आसपास. मध्ये एकदा काही सेकंद थांबते आणि परत सुरू होते, एटीआय६ मध्ये रिट्रेन १, पण कॉल टिकतो.

दोन शंका. एक्समोडेमही दाखवायचा आहे, तर तो फारच हळू चालतोय, सेकंदाला ४५० बाइट. काही चुकतंय का? आणि प्रदर्शनाच्या दिवशी फायबर बंद पडलं तर?

---

सिरियल_पोर्ट

चुकत काही नाही, एक्समोडेम तसाच आहे. १९७७ चा प्रोटोकॉल, १२८ बाइटचा ब्लॉक पाठवायचा आणि पोच येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं. १४४०० ला १३२ बाइट जायला ८० मिलिसेकंद, आणि तुमच्या ११० च्या फेरीत व्ही.४२ चा उशीर मिळवून पोच यायला आणखी २००. झाले २८० मिलिसेकंदांना १२८ बाइट, म्हणजे तुमचे ४५०. झेडमोडेम १९८६ चा, तो पोचेची वाट न बघता पाठवत राहतो आणि चूक झाली तरच मागे येतो. दोन्ही शेजारी दाखवा, प्रेक्षकांना फरक डोळ्यांनी दिसेल. झेडमोडेमचं अर्ध्यात तुटून पुढे चालू होणंही दाखवा: मुद्दाम कॉल तोडा, परत जोडा, तीच फाइल पाठवा. हायपरटर्मिनलमध्ये त्यासाठी "झेडमोडेम विथ क्रॅश रिकव्हरी" निवडावं लागतं.

---

रोझेट

फायबर बंद पडलं तर लाइनशिवाय करा. दोन्ही मशीन एकाच टेबलावर, दोन्ही मोडेमच्या लाइन जॅकच्या मधल्या दोन तारा एकमेकींना समांतर जोडा आणि त्या जोडीला ४७० ओहम, २ वॅटच्या रोधकातून २४ व्होल्ट डीसी द्या. दोन्ही मोडेमनी फोन उचलला की जोडीवर साधारण ६ व्होल्ट राहतात, रोधकातून ३८ मिलिअँपिअर, म्हणजे प्रत्येकाला १९. तेवढा प्रवाह पुरतो. रोधक, जॅक आणि अडॅप्टर तपकीर गल्लीत एकाच फेरीत मिळतील. अडॅप्टर ट्रान्सफॉर्मरचा आणि नीट फिल्टर केलेला घ्या, स्वस्त स्विचिंगवाल्याची किणकिण लाइनवर येते.

इथे ना डायल टोन ना रिंग, म्हणून पेठेतल्या मोडेमला एटीएक्स३डी आणि लगेच दुसऱ्याला एटीए. एक्स३ मुळे तो टोनची वाट बघत नाही. एस७ मधले (कॅरिअरची वाट बघायचे) सेकंद संपायच्या आत दोन्ही कमांड गेल्या पाहिजेत, म्हणून आधी दोन्हीकडे एस७=६० करून ठेवा. या जोडणीत जिटर बफर नाही, त्यामुळे निगडीच्या मोडेमवरचं +एमएस=११ करून व्ही.३४ परत चालू करता येईल. पण मग पेठेतला पोर्ट परत ५७६०० वर न्यावा लागेल, आणि १६५५०ए मिळालेला नसेल तर ते करू नका.

ही जोडी चालू असताना खऱ्या लाइनची वायर तिला लागता कामा नये. एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट आणि तुमचे २४ भिडले तर आधी रोधक जळेल, मग मोडेम.